गांजाचं कार्ड: रुग्णाची आणि केअरगिव्हरची नोंदणी कशी होते?



आजचा विषय घरात मोठ्याने बोलायचा नाही, असं आपल्याकडे मानतात. गांजा म्हटलं की चिलीम, साधूबाबा आणि पोलीस एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण गेल्या काही वर्षांत, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा आई-वडिलांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "साहेब, तिकडे म्हणे गांजा औषध म्हणून मिळतो, त्याचं कार्ड काढावं लागतं. आमच्या यांना पार्किन्सन आहे. मुलीकडे गेलो की कार्ड निघेल का? आणि ते औषध इकडे आणता येईल का?"

प्रश्न सरळ आहे, पण उत्तराला दोन बाजू आहेत. पहिली, कार्ड काढायचं कसं. ते काम पायरीपायरीने समजून घेतलं तर अवघड नाही. दुसरी, ते कार्ड तुम्हाला कुठपर्यंत वाचवतं आणि कुठे वाचवत नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावात की पुण्यात. मुलं परदेशी असतील तर ही दुसरी बाजू जास्त लक्ष देऊन वाचा.

थोडी पार्श्वभूमी

ही वनस्पती पाश्चात्य वैद्यकात गेली ती आपल्याच देशातून. विल्यम ओशॉनेसी नावाचा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला होता. १८३९ च्या सुमारास त्याने गांजाच्या अर्काचे रुग्णांवर प्रयोग केले, निष्कर्ष छापले आणि मग हे औषध लंडनपर्यंत पोचलं. पुढे याच माणसाने हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने खास आयोग नेमून देशभर गांजा-भांगेची चौकशी केली. सरसकट बंदी नको, परवाने आणि कर लावून नियंत्रण ठेवा, असा त्याचा सूर होता.

अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. १९३७ मध्ये कर लावून गांजाचा व्यवहार जवळजवळ बंद पाडला आणि १९७० च्या कायद्याने त्याला पहिल्या यादीत बसवलं. पहिली यादी म्हणजे 'वैद्यकीय उपयोग मान्य नाही' असे पदार्थ. त्यानंतर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने जनमत घेऊन रुग्णांना परवानगी दिली आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं.

म्हणजे बघा, राज्य म्हणतं चालेल, वॉशिंग्टन म्हणतं चालणार नाही. एकाच जवानाला दोन कमांडकडून उलटसुलट हुकूम यावेत, तसा हा प्रकार आहे. नोंदणीची सगळी रचना या विसंगतीतून निघालेली आहे. ती का, हे कळलं की प्रत्येक पायरीचा अर्थ लागतो.

प्रिस्क्रिप्शन नाही, प्रमाणपत्र

अमेरिकेत औषधाचं प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा डॉक्टरचा अधिकार केंद्राच्या कायद्याशी जोडलेला आहे. पहिल्या यादीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन लिहिलं तर त्याचा तो अधिकारच धोक्यात येईल. मग मधला मार्ग निघाला. डॉक्टर फक्त एवढंच लिहून देतो की, या रुग्णाला अमुक आजार आहे आणि याला गांजाचा फायदा होण्याची शक्यता आहे. २००२ मध्ये कॉनन्ट खटल्यात तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की, अशी शिफारस करणं हा डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे.

पण नुसत्या शिफारशीवर औषध कोणी द्यायचं आणि किती? इथे राज्य सरकार मध्ये येतं. ते एक नोंदवही ठेवतं, कार्ड देतं आणि परवाना असलेल्या दुकानालाच विक्री करू देतं. आपल्या फौजी मंडळींना ही पद्धत नवी नाही. कॅन्टीनचं कार्ड आठवा. कार्ड एकाच्या नावावर, कोटा ठरलेला, माल ठरलेल्याच ठिकाणी मिळणार, आणि आपल्या कोट्यातली बाटली बाहेर विकली तर गुन्हा. तत्त्व तेच आहे.

उदाहरण पेनसिल्व्हेनियाचं

प्रत्येक राज्याचे नियम निराळे. शेजारच्या न्यू जर्सीत २०२२ च्या एप्रिलपासून २१ वर्षांवरच्या कोणालाही दुकानात गांजा मिळतो. पेनसिल्व्हेनियाने मात्र तो रुग्णांपुरताच ठेवला, म्हणून नोंदणी समजून घ्यायला हे राज्य चांगलं. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग ही तिथली मोठी शहरं. दोन्हीकडे आपली मंडळी आहेत.

तिथला कायदा २०१६ च्या एप्रिलमध्ये झाला. त्याला 'अॅक्ट १६' म्हणतात. प्रत्यक्ष विक्री २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नोंदणी राज्याच्या आरोग्य खात्याकडे होते. रुग्णाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, नोंदवहीत नाव घालणं. आरोग्य खात्याच्या ऑनलाइन नोंदवहीत रुग्ण आपली माहिती भरतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. रुग्ण त्या राज्याचा रहिवासी हवा. त्याचा पुरावा म्हणजे तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा तिथल्या परिवहन खात्याचं ओळखपत्र. सहा महिन्यांसाठी टुरिस्ट व्हिसावर गेलेले आई-वडील रहिवासी ठरत नाहीत. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावात. ओळखपत्रावर जे नाव आणि जो पत्ता आहे, तोच अक्षर न अक्षर अर्जात हवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर कधी ते पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, कधी गाळलेलं. बाईंचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण संगणकाला ती दोन माणसं वाटतात. म्हणून आधी ओळखपत्र हातात घ्या आणि त्याच्याकडे बघून अर्ज भरा. घर बदललं असेल तर आधी ओळखपत्रावरचा पत्ता बदलून घ्या.

दुसरी पायरी, डॉक्टरचं प्रमाणपत्र. कोणताही डॉक्टर चालत नाही. या कामासाठी ठरलेलं चार तासांचं प्रशिक्षण घेऊन आरोग्य खात्याकडे नोंदलेला डॉक्टरच हवा. त्यांची यादी खातं जाहीर करतं. आजारही कायद्याच्या यादीतला हवा. कर्करोग, पार्किन्सन, एपिलेप्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस, काचबिंदू, एचआयव्ही, मज्जातंतूंचे आजार, ऑटिझम, सिकल सेल, युद्धातल्या किंवा अपघातातल्या धक्क्यानंतरचा मानसिक आजार म्हणजे पीटीएसडी, आणि इतर उपायांना दाद न देणारं जुनं दुखणं, हे त्या यादीत आहेत. २०१९ मध्ये चिंताविकाराची भर पडली. डॉक्टर जुने रिपोर्ट पाहतो आणि रुग्णाला आधीपासून कोणती नियंत्रित औषधं चालू आहेत, ते राज्याच्या नोंदीत तपासतो. मग प्रमाणपत्र थेट नोंदवहीत चढवतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही तपासणी व्हिडिओवरही करता येते.

दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवा. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला गांजाच्या धंद्यात आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही, आणि 'मी प्रमाणपत्र देतो' अशी स्वतःची जाहिरातही करता येत नाही. त्याची फी मात्र सरकार ठरवत नाही आणि विमा ती भरत नाही. फी आधीच विचारून घ्या.

तिसरी पायरी, शुल्क. प्रमाणपत्र चढलं की रुग्णाने परत नोंदवहीत जाऊन ५० डॉलर भरायचे. सरकारी मदत योजनांत असलेल्या गरीब रुग्णांना सवलत आहे. पुष्कळ जण इथेच थांबतात. त्यांना वाटतं, डॉक्टरचं झालं म्हणजे काम झालं. पैसे भरल्याशिवाय कार्ड छापलं जात नाही. ते टपालाने घरी येतं. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. दरवर्षी डॉक्टर परत आणि शुल्कही परत.

चौथी पायरी, दुकान. त्याला तिथे डिस्पेन्सरी म्हणतात. कार्ड दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. पहिल्या वेळी तिथल्या फार्मासिस्टशी नीट बोला. गोळ्या, तेल, जिभेखाली घ्यायचे थेंब, मलम, वाफेने ओढायचा प्रकार आणि वाफेसाठीच सुकं फूल, एवढ्या रूपांत माल मिळतो. पेटवून ओढायला कायद्याने बंदी आहे. केक-बिस्किटं तिथे विकत नाहीत. घरी रोप लावता येत नाही. एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांचा साठा मिळतो. रोख पैसे जवळ ठेवा, क्रेडिट कार्ड सहसा घेत नाहीत, कारण बँका केंद्राच्या कायद्याला घाबरतात.

घरी आणल्यावर औषध मूळ वेष्टनातच ठेवायचं आणि ते जवळ असेल तेव्हा कार्डही जवळ हवं. घरात नातवंडं असतील तर कपाटाला कुलूप लावा.

केअरगिव्हर म्हणजे कोण?

पार्किन्सनचा रुग्ण स्वतः गाडी चालवत दुकानात कसा जाणार? एपिलेप्सीचं सात वर्षांचं मूल काउंटरवर कसं उभं राहणार? त्यांच्यासाठी कायद्याने केअरगिव्हर ठेवला आहे. रुग्णाच्या वतीने औषध आणण्याची आणि देण्याची परवानगी असलेलं माणूस म्हणजे केअरगिव्हर. नुसतं 'मी मुलगा आहे' म्हणून चालत नाही, त्यालाही वेगळी नोंदणी आणि वेगळं कार्ड लागतं.

केअरगिव्हर २१ वर्षांचा तरी हवा. एका रुग्णाला एका वेळी दोन केअरगिव्हर ठेवता येतात. आधी रुग्णाची नोंद होते, मग केअरगिव्हरची, आणि दोघांची नावं एकमेकांना जोडली जातात. त्याच्या बोटांचे ठसे घेऊन राज्य पोलीस आणि एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासतात. गेल्या पाच वर्षांत अमली पदार्थ विकण्या-बाळगण्याचा गुन्हा करून शिक्षा झालेली असेल तर अर्ज नामंजूर होतो. या तपासणीला वेळ लागतो. म्हणून रुग्णाला स्वतः जाता येणार नसेल तर केअरगिव्हरचा अर्ज शेवटासाठी ठेवू नका. नाहीतर रुग्णाचं कार्ड येऊन पडतं आणि औषध आणायला माणूस नसतो.

१८ वर्षांखालच्या मुलासाठी केअरगिव्हर सक्तीचा आहे. तो शक्यतो आई, वडील किंवा कायदेशीर पालक असतो. मुलाची नोंदही तोच करतो.

केअरगिव्हरला ते औषध स्वतः वापरता येत नाही. "आईच्या थेंबातले दोन थेंब मीही घेतले, पाठ दुखत होती" हे चालणार नाही. आपल्या पेन्शनरच्या कोट्यावर शेजाऱ्याने माल उचलण्यासारखंच ते आहे, फक्त इथे परिणाम फार गंभीर आहेत.

कार्ड कुठे थांबतं

आता दुसरी बाजू. हे कार्ड म्हणजे युनिटच्या गेटवरचा आउट पास समजा. ठरलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या मुदतीत तो तुमचा. हद्द ओलांडली की तो नुसता कागद.

पहिली हद्द राज्याची. कार्ड पेनसिल्व्हेनियाचं असेल तर औषध घेऊन राज्याबाहेर पडणं, विमानात बसणं, टपालाने पाठवणं हे केंद्राच्या कायद्यात बसत नाही. २०१४ पासून तिथली संसद खर्चाच्या विधेयकात अशी तरतूद करत आली आहे की, राज्यांच्या वैद्यकीय योजना अडवायला न्याय खात्याने पैसा खर्च करू नये. त्यामुळे घरात बसलेल्या रुग्णावर केंद्राची धाड पडत नाही. पण हे अभय खर्चाच्या तरतुदीपुरतं आहे, मूळ कायदा त्याने बदललेला नाही.

दुसरी हद्द रस्त्याची. पेनसिल्व्हेनियात रक्तात गांजाचा अंश सापडला तर गाडी चालवण्याचा गुन्हा लागू शकतो. कार्ड आहे म्हणून सुटका होत नाही. आणि हा अंश रक्तात नशा उतरल्यानंतरही बराच काळ राहतो.

तिसरी हद्द सरकारी नोकरीची आणि शस्त्राची. तिथल्या माजी सैनिकांना पीटीएसडीसाठी कार्ड मिळू शकतं, पण माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळातला डॉक्टर त्यांचा फॉर्म भरू शकत नाही. खाजगी डॉक्टर गाठावा लागतो. गांजा घेतो म्हणून त्यांचे इतर लाभ मात्र बंद होत नाहीत. बंदूक विकत घेताना भरायच्या केंद्राच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असतं की, राज्याने परवानगी दिली असली तरी गांजाचा वापर केंद्राच्या दृष्टीने बेकायदाच.

चौथी हद्द आपल्या मंडळींच्या सगळ्यात जवळची आहे. ती आहे इमिग्रेशनची. हा सगळा कारभार केंद्राचा. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याने लेखी मार्गदर्शन काढलं. राज्याच्या कायद्यात बसणारा गांजाचा वापर किंवा व्यवहारसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात 'सद्वर्तन' नाकारायला कारण ठरू शकतो, असं त्यात म्हटलं आहे.

समजा, पिट्सबर्गला मुलाकडे आई ग्रीनकार्डवर राहते. तिला केमोथेरपीची मळमळ आहे, ती रुग्ण म्हणून नोंदली. मुलगा एच-वन व्हिसावर आहे, तो केअरगिव्हर म्हणून नोंदला. राज्याच्या लेखी दोघंही शंभर टक्के कायदेशीर. पण पुढे व्हिसाच्या किंवा नागरिकत्वाच्या मुलाखतीत "अमली पदार्थाशी कधी संबंध आला का?" हा प्रश्न दोघांनाही येऊ शकतो. खोटं बोललं तर तो वेगळा गुन्हा. खरं बोललं तर तेच अडचणीचं. म्हणजे आईच्या औषधाची पिशवी उचलणाऱ्या मुलाचाही कागद पणाला लागतो. म्हणून अमेरिकेचा नागरिक नसलेल्याने, रुग्ण असो वा केअरगिव्हर, नोंदवहीत नाव घालण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. घरात कोणी अमेरिकन नागरिक असेल तर केअरगिव्हर त्यालाच करावं.

२०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत नेण्याचा प्रस्ताव मांडला. पण यादी बदलली म्हणजे राज्याचं कार्ड आपोआप देशभर चालू लागलं, असा अर्थ काढू नका.

भारतात आणता येईल का?

नाही. तिकडचं कार्ड इकडे काहीही कामाचं नाही. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकानं दिसतात. पण तेलाच्या कुपीत आणि गोळीत जे टीएचसी नावाचं नशेचं द्रव्य असतं, ते याच कायद्याच्या यादीत आहे. गांजा एक किलोपर्यंत म्हणजे 'अल्प मात्रा', त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यापारी मात्रा, तिथे शिक्षा दहा ते वीस वर्षं. आईच्या बॅगेत मुलीने प्रेमाने ठेवलेली कुपी विमानतळावर सापडली, तर प्रेम कोणी विचारात घेत नाही.

आपल्याकडे रुग्णांची नोंदवही आणि कार्ड अशी व्यवस्था नाही. आयुर्वेदात हीच वनस्पती 'विजया' म्हणून ओळखली जाते. तिची परवान्याने बनवलेली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. तो रस्ता विचारायचा असेल तर नोंदणीकृत वैद्याला विचारा, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरपासून ते लपवू नका.

उपयोग किती?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये सगळं संशोधन चाळून अहवाल दिला. मोठ्यांचं जुनं दुखणं, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, या तीन ठिकाणी पुरावा भक्कम म्हणावा असा सापडला. मुलांच्या काही दुर्मिळ एपिलेप्सींवर सीबीडीपासून बनवलेलं एपिडायोलेक्स हे औषध तिथे २०१८ मध्ये मंजूर झालं. ते साध्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, त्याला हे कार्ड लागत नाही. बाकी बऱ्याच आजारांत पुरावा तोकडा आहे. यादीत आजार आहे म्हणजे गुण येणारच, असं नाही.

वयस्क माणसांना चक्कर येणं, तोल जाणं, छाती धडधडणं हे त्रास होऊ शकतात. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम वाढू शकतो. सगळ्या गोळ्यांची यादी लिहून डॉक्टरपुढे ठेवा.

तेव्हा ज्यांना या वाटेने जायचं आहे, त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारा, दुसरं औषध उरलंय का. मग नागरिक नसाल तर वकील. मग ओळखपत्रावरचं नाव आणि पत्ता. मग नोंदवही आणि केअरगिव्हरचा अर्ज, नंतर प्रमाणपत्र, शुल्क, कार्ड आणि शेवटी दुकान. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी त्या राज्याच्या आरोग्य खात्याचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. भाच्याने सांगितलं, व्हॉट्सअॅपवर आलं, यावर जाऊ नका.

दुखण्याने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे सगळं ऐकून कंटाळा येईल, हे मला कळतं. पण हे कागद नीट झाले, तर त्याला औषध घेताना दाराची बेल वाजली म्हणून दचकावं लागत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.